हळदीकुंकवाला कॅन्सरवर भाषण

५ जानेवारी १९५८, रविवार

...म्हणूनच तर मी डेनिसला म्हणालो, हे काम डॉक्टरांचं नाहीच. डॉक्टर दवाखान्यात बसून पेशंटची वाट बघतो. पेशंट येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मधे कुणीतरी पाहिजे ना? तो मी. डेनिस म्हणाला, अरे मॅन, तू औषधांच्या खोक्यात घालायचे इंग्लिश कागद लिहितोस, तुझा काय संबंध? डेनिस शाळेपासूनचा दोस्त. माणूस चांगला, व्हिजन कमी.

सब्जेक्ट पक्का. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा कॅन्सर. कंपनीत अमेरिकन मासिकं येतात, त्यात आख्खं आर्टिकल होतं. दोनदा वाचलं. तिकडे आता धडधाकट बायकासुद्धा वर्षातून एकदा जाऊन स्मिअर टेस्ट करून घेतात. आतला थोडासा स्राव काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. बस. रोग मूळ धरायच्या आधीच सापडतो! आपल्याकडे मात्र सगळं अंगावर काढायचं. का? अज्ञान आणि लाज. दोन्ही मी घालवणार.

प्लॅन: जूनपर्यंत पार्लं. दिवाळीपर्यंत अंधेरी, गोरेगाव. वर्षअखेर बोरिवली. उद्यापासून साडेपाचला उठणे.

घरात आज गोंधळ. आईला कावळा शिवला म्हणून ती मागच्या गॅलरीत वेगळी बसली आहे. दोन वर्षं हा प्रकार बंद होता, चहा-जेवण वेळेवर मिळत होतं, आता परत सुरू. कुंदाने पोळ्या केल्या. दात दुखले. विसाव्या शतकात बाईने कोपऱ्यात बसायचं म्हणजे कमाल आहे! ही प्रथाही बंद करणार. पण एका वेळी एकच सुधारणा. आधी कॅन्सर.

७ जानेवारी, मंगळवार

साडेपाचला उठलो नाही. थंडी होती.

भाषण इंग्लिशमध्ये झकास झालं. अकरा पानं. मराठी करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली. त्या भागाला मराठीत म्हणायचं काय? डिक्शनरीत ‘ग्रीवा’ दिलंय. ग्रीवा म्हणजे मान. मान म्हटलं तर बायका मफलर गुंडाळून ऐकायला येतील. कुंदाला विचारावं तर बहीण. बाबांना विचारावं तर बाबा. तूर्त ‘तो भाग’ असं लिहून पुढे गेलो. तसंही सायंटिफिक भाषणात शब्दाला महत्त्व नसतं, कल्पनेला असतं.

१० जानेवारी, शुक्रवार

आयडिया! बायका जमवायला हॉल कशाला? बायका जमलेल्याच असतात. संक्रांत ते रथसप्तमी घरोघर हळदीकुंकू चालतं. आमच्याकडे यंदा शनिवारी २५ ला. चाळीस-पन्नास सवाष्णी आपल्या पायांनी चालत येणार. असं ऑडियन्स अमेरिकेतही मिळणार नाही.

सुनंदाकाकू वरच्या मजल्यावर राहते, हळदीकुंकवाची खरी मॅनेजर तीच. तिला विचारलं. ती म्हणाली, तू बायकांत काय करणार रे, अत्तर लावणार? मी म्हटलं, आरोग्यावर दोन शब्द बोलणार. काकू म्हणाली, बोल बाबा, पण गुलाबपाणी शिंपडायच्या आत आटप, बायकांना आणखी चार घरं असतात. कुठला आजार ते तिला अजून सांगितलेलं नाही. लोकांना एकदम धक्का द्यायचा नसतो.

डेनिसने सुचवलं, त्याची आयडामावशी वांद्र्याला लेडी डॉक्टर आहे, तिला बोलाव. मी विचार करतो म्हणालो. केला. नको. दोन स्पीकर झाले की लोकांचं लक्ष फाटतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आई परत बाहेर. आज! सणाच्या दिवशी! महिन्यातून एकदा असतं ना हे? तिळगूळ कुंदाने लांबून तिच्या हातावर टाकला. आई म्हणाली, गोड बोला, आणि माझ्या वाटणीचं तुम्हीच बोला. बाबा पेपरात डोकं घालून बसले. काकू म्हणाली, जाता जाता असंच येतं-जातं, कित्येकींना होतं, माझ्या वन्संना तर वर्षभर चाललं होतं. मी विचारलं, मग २५ ला काय? यजमानीणच कोपऱ्यात बसली तर बायका येणार का? काकू म्हणाली, तू आधी आईला तिळगूळ दिलास का ते सांग.

राहिला होता. मग दिला.

१५ जानेवारी, बुधवार

रिहर्सल सुरू. पुढच्या खोलीत बाबांनी करू दिली नाही. म्हणाले, विद्याधर, ही बडबड मागे जाऊन कर. म्हणून मागच्या गॅलरीत गेलो. तिथे आई तांदूळ निवडत बसली होती. मला ऑक्वर्ड झालं. आईसमोर असले विषय म्हणजे! पण मग तिच्याकडे पाठ केली आणि समोरच्या भिंतीला ऑडियन्स समजून बोललो. आई काही ऐकत नसते, तिचं लक्ष खड्यांत.

धोक्याच्या खुणा जोरात, हात उंचावून म्हणायच्या. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं. दोन पाळ्यांच्या मधे दिसणं. नवराबायकोच्या संबंधानंतर दिसणं (हे गाळायचं, काकू समोर असेल). वास येणारा पांढरा स्राव (हेही). म्हणजे पहिल्या दोनच. पण पहिल्यावर जोर.

१८ जानेवारी, शनिवार

डिलिव्हरी सुधारते आहे. पुरावा: आज आईसुद्धा मधेच बोलली. ती आता घरात घेतलेली आहे, तरी रिहर्सलच्या वेळी नेमकी गॅलरीत कपडे वाळत घालायला आली. विचारलं, पण बाळ, दुखत नसलं तरीसुद्धा? मी भिंतीकडे बघूनच उत्तर दिलं, की दुखत नाही हीच तर त्याची लबाडी आहे, सुरुवातीला काही म्हणजे काही दुखत नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा फार पुढे गेलेलं असतं. आईने त्यावर एकच साडी तीन वेळा झटकली. मग विचारलं, आणि लवकर गेलं डॉक्टरकडे तर बरं होतं? होतं, मी म्हणालो, रेडियम लावतात, पुष्कळ बायका बऱ्या होतात, फक्त वेळेवर सापडलं पाहिजे.

प्रश्न चांगले आहेत. २५ ला कुंदाला बायकांत बसवून हेच दोन विचारायला लावीन. आईला मात्र सांगितलं, की खऱ्या भाषणात मधे बोलायचं नसतं.

२१ जानेवारी, मंगळवार

हँडबिल तयार! कंपनीच्या मशीनवर सायक्लोस्टाइल केलं. इंग्लिशमध्ये, कारण टाइपरायटर इंग्लिश. कुंदाने वाचून विचारलं, दादा, हे कोण वाचणार? मी म्हणालो, ज्यांना वाचता येत नाही त्या कुणाकडून तरी वाचून घेतील, म्हणजे आणखी एकाला कळेल. डबल पब्लिसिटी. कुंदा म्हणाली, मग चिनी भाषेत छाप, गावभर होईल. आजकाल कॉलेजात पोरींना काय शिकवतात कोण जाणे.

प्रत्येक वाणाबरोबर एक हँडबिल द्यायचं. वाण म्हणून काकूने ॲल्युमिनियमचे चमचे आणलेत. चमचा विसरला जाईल, हँडबिल राहील.

२३ जानेवारी, गुरुवार

वाट लागली. आई परत बाहेर. आणि या खेपेला चेहरा पांढराफटक, पायऱ्या चढताना कठड्याला धरून उभी राहिली. उपासतापास फार करते. मी तिला म्हणालो, अगं, थोडं टॉनिक घे, कंपनीतून सँपल आणतो. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, तू रोज जोरजोरात बोलतोस ना, घसा जपत जा.

काकू म्हणाली, हळदीकुंकू होणार, मी करीन. म्हणजे घरातली सगळ्यात अशिक्षित बाई, जिला ह्या माहितीची खरी गरज, तीच नेमकी भाषणाला नसणार. असो. सगळ्यांना वाचवता येत नाही.

२५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ

झालं! सविस्तर लिहितो.

बायका बेचाळीस. मी धोतर नेसलो, पहिल्यांदाच. नेसणं काय, बाबांनी गुंडाळलं. सुरुवात ग्रीक लोकांपासून केली, कॅन्सर म्हणजे त्यांच्या भाषेत खेकडा. खेकडा म्हटल्यावर तीन-चार बायका जाग्या झाल्या. मग ‘तो भाग’. एका बाईने विचारलं, कुठला भाग? मी म्हणालो, आतला. त्यावर तिने सांगितलं, की तिला रात्री छातीत जळजळतं, त्यावर काय घ्यावं? मी म्हणालो, तो भाग नाही, खालचा. तर दुसरी म्हणाली, गुडघे ना, माझेपण. कुंदाने ठरलेले प्रश्न विचारले नाहीत. तोंडात पदर कोंबून बसली होती. धोक्याच्या खुणांपाशी पोचलो, हात वर केला आणि धोतराची निरी सैल झाली. हात खाली घ्यावा लागला. तेवढ्यात काकूने ओळीने गुलाबपाणी शिंपडायला घेतलं. तरी मी गॅलरीच्या बंद दाराकडे तोंड करून पहिली खूण मोठ्याने सांगून टाकली.

रिस्पॉन्स उत्तम. दोघींनी काकूजवळ चौकशी केली, की मुलगा लग्नाचा आहे का. विषय काय होता ते काकूने सांगितल्यावर त्यांनी चौकशी मागे घेतली, ते सोडून देऊ. एका आजींनी ताकदीच्या औषधाची बाटली मागितली. म्हणजे लोकांचा विश्वास बसतो आहे.

हँडबिलांत बायकांनी बोरं, हरभरे आणि उसाचे करवे गुंडाळून नेले. तेही ठीक. घरी जाऊन कागद उलगडतीलच ना.

डेनिसला सगळं सांगितलं. खूप हसला. मग एकदम विचारलं, तुझी आई कशी आहे रे? मी म्हणालो, मजेत. तिला मधेच का आणलं कळलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आई आणि काकू सकाळीच वांद्र्याला गेल्या. काकू म्हणाली, बाजार. पार्ल्यात काय बाजार नाही? येताना हातात कोथिंबिरीची काडीसुद्धा नव्हती. आई आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवण परत कुंदाच्या हातचं.

कामाचा आढावा: पार्लं सुरू झालं असं धरायला हरकत नाही. पुढे अंधेरी. तिथल्या महिला मंडळाला पत्र टाकलं, इंग्लिशमध्ये.

३१ जानेवारी, शुक्रवार

घरात काहीतरी चाललंय. मी खोलीत गेलो की सगळे हवेबद्दल बोलतात. बाबांनी आज आईला स्वतः चहा करून दिला. तोही गॅलरीत नेऊन, हातात. शिवलं की! मी म्हणालो, वा बाबा, ही तर मोठी सुधारणा! बाबा म्हणाले, तू गप्प बस जरा.

माझ्या चळवळीचा परिणाम असणार. एक गोष्ट हलली की दुसरी आपोआप हलते.

५ फेब्रुवारी, बुधवार

अंधेरीहून उत्तर आलं. त्यांना लोणचं घालायच्या प्रात्यक्षिकासाठी वक्ता हवा आहे, मला येतं का? विचार करतोय. व्यासपीठ मिळाल्याशी मतलब. कैरीवर सुरू करून कॅन्सरवर येता येईल.

साडेपाचला उठलो. झोपच आली नव्हती. का ते माहीत नाही. रात्री बाबा एकटेच पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू.

आईला आहे. तेच.

बाबांनी जेवताना सांगितलं. सांगताना शब्द अडला म्हणून तेही ‘तो भाग’ म्हणाले. २९ ला आई बाजाराला गेलीच नव्हती, डेनिसच्या आयडामावशीकडे गेली होती. तिने तपासलं, आतला बारीक तुकडा काढून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवला. गुरुवारी रिपोर्ट आला. रोग आहे, पण अगदी सुरुवात आहे, पसरलेला नाही. रेडियम लावायचं. आयडाबाई म्हणाल्या, इतक्या लवकर स्वतःहून आलेली बाई त्यांनी क्वचित बघितली. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर काही हातात राहिलं नसतं.

डेनिसला ठाऊक होतं. काकूला, बाबांना, कुंदाला, सगळ्यांना ठाऊक होतं. मी कुंदावर ओरडलो, की ह्या विषयातला घरात एकच माणूस आहे आणि त्यालाच सांगत नाही? कुंदाही ओरडली. म्हणाली, आईनेच सांगितलं होतं, त्याला सगळं ठाऊकच आहे, उगाच तोंडावर बोलायला लावू नका, बिचाऱ्याला कसंतरी होईल.

मला ठाऊक होतं? मला काय ठाऊक होतं?

कुंदा मग रडायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं. अकरा पानांत ह्याच्यावर काही नाहीये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईला ॲडमिट केलं. टॅक्सीत मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. रेडियमबद्दल माहिती सांगणार होतो, सगळी पाठ आहे, मादाम क्यूरीपासून. मागे वळलो तर आईने काकूचा हात घट्ट धरला होता. पुढे बघत बसलो. माहीम आलं, दादर आलं. ड्रायव्हरनेच मला विचारलं, तब्येत बरी नाही का साहेब?

प्लॅन: डॉक्टरांना भेटून ट्रीटमेंट समजून घेणे. भेटलो. त्यांनी समजावलं. मी एकदाही मधे बोललो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फक्त चार ते सहा. उद्या रेडियम लावणार, मग काही दिवस जवळ बसू देणार नाहीत, म्हणून आज सगळे गेलो. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. म्हणालो, इथली हवा चांगली आहे. औषधाचा वास येत होता.

आईने शेजारच्या पलंगावरच्या बाईला हाक मारली. वेसाव्याची कोळीण. दीड वर्ष अंगावर काढून आली आहे, आता तिच्याने बसवतही नाही. आई तिला म्हणाली, हाच तो माझा मुलगा. आणि मग तिने वॉर्डातल्या पाच-सहा जणींना ती गोष्ट सांगितली, आधीही सांगितली असावी, कारण काहीजणी पुढचं वाक्य आधीच म्हणत होत्या.

गोष्ट अशी. माझं ते परत सुरू झालं, आणि ह्याच्या लक्षात आलं. मुलगा म्हटला की आईला तोंडावर कसं विचारणार? पण पोर हुशार. मी बसले की रोज गॅलरीत यायचा, माझ्याकडे पाठ करायचा, आणि भिंतीला सांगायचा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी जा, लाजू नका. रोज तेच. जोरात. मला ऐकू जावं म्हणून. हळदीकुंकवाच्या दिवशी मी गॅलरीत बसलेली, दार लावलेलं, तर हा भर बायकांत दाराकडे तोंड करून ओरडला. बायका हसत होत्या ह्याला, पण ह्याने पर्वा केली नाही. मग मीच विचार केला, पोरगा एवढं करतोय, आपण एकदा जाऊन यावं.

वेसाव्याची बाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मला पन असा कोन सांगनारा भेटला असता तं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्याही बघत होत्या. एकीने तर हात जोडले. मुंबईच्या अर्ध्या उपनगरातल्या बायकांनी माझ्याकडे असं बघावं, हाच तर माझा पहिल्यापासून प्लॅन होता.

आईने मला जवळ बोलावून माझ्या कानावरून हात फिरवला. हळूच म्हणाली, कुणाला न दुखवता कसं सांगायचं हे तुला बरोबर कळतं हो.

मी मान हलवली.

आता घरी आल्यापासून विचार करतोय. म्हणजे तसं माझ्या आत कुठेतरी लक्षात आलंच असणार ना? सबकॉन्शसली? नाहीतर मी नेमका तोच सब्जेक्ट का निवडला असता? पण सब्जेक्ट मी ५ तारखेच्या आधीच ठरवला होता. आणि त्या दिवशी मी पोळ्यांबद्दल चिडलो होतो. गॅलरीत गेलो तो बाबांनी हाकललं म्हणून. दाराकडे तोंड केलं ते धोतर सुटत होतं म्हणून.

डेनिसला विचारलं. तो म्हणाला, गप्प बस, मॅन, बरी होऊन घरी येऊ दे तिला. कुंदा म्हणाली, सांगून टाक, नाहीतर जन्मभर तुझी आरती ऐकावी लागेल आम्हाला.

आई सहा आठवड्यांनी घरी येईल, डॉक्टरांना आशा आहे. येईल तेव्हा तिला खरं सांगावं, की मी काहीच बघितलं नव्हतं? का राहू द्यावं, तिचा मुलगा तिच्याकडे लक्ष देऊन होता असं? तुम्हाला काय वाटतं?